'बोलेल हळूहळू' म्हणण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना वाटू लागते की आपल्या मुलाचे काहीतरी वेगळे आहे. हाक मारली तर ते वळत नाही, नजर देत नाही, येत होते ते दोन-चार शब्दही आता ऐकू येत नाहीत. ही शंका पालक आधी घरात बोलून दाखवतात आणि घरातून, शेजारातून, कधी कधी दवाखान्यातूनही एकच उत्तर मिळते: 'थांबा जरा, बोलेल हळूहळू.' हे उत्तर मायेपोटी दिलेले असते, हे आम्ही जाणतो. तरीही स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या बाबतीत मुलाची सगळ्यात मोलाची वर्षे याच उत्तरात जातात, असे आमचे ठाम मत आहे. शंका आलेल्या पालकांना तपासणीपर्यंत पोचायला सोबत लागते. ती कशी करायची, हे सांगण्यासाठी हे पत्र.

थांबण्याची जी कारणे दिली जातात ती एकदा नीट पाहू. 'मुलगे उशिराच बोलतात' हे पहिले. मुलग्यांचे बोलणे सरासरीने मागे असते हे खरे, पण फार तर महिना-दोन महिन्यांनी, वर्षभराने नाही. 'याचे बाबाही चार वर्षांचे झाल्यावर बोलले' हे दुसरे. पण स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे असा इतिहास असेल तर तपासणी आणखी लवकर व्हायला हवी. तिसरे कारण भाषांचे: घरी मराठी, इमारतीत हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी, म्हणून मूल गोंधळले. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे, एवढेच. काही शाळा पालकांना 'घरीही इंग्रजीच बोला' असे सांगतात. आईने तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायचे आणि आजीने गप्प बसायचे, यातून मुलाच्या वाट्याला येणारी भाषा कमीच होते. हा सल्ला पालकांनी मानू नये.

मोबाइलचे थोडे वेगळे आहे. लहान मुलाचा पडद्यासमोरचा वेळ माणसांबरोबरच्या वेळातून वजा होतो, म्हणून मोबाइल आणि टीव्ही बंद करणे केव्हाही चांगले. पण मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. 'आधी तीन महिने मोबाइल बंद करून बघा, मग या' या सल्ल्यात तीन महिन्यांचे सहा होतात. मोबाइल आज बंद करावा आणि तपासणीची वेळही आजच घ्यावी.

आता नेमके काय पाहायचे? बोलण्यापेक्षा बोलण्याआधीच्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. उशिरा बोलणारे पण बाकी विकास व्यवस्थित असलेले मूल एक शब्द न उच्चारता पुष्कळ सांगते. ते कावळ्याकडे बोट दाखवते आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघते. तिने पाहिले का, याची खात्री करते. हवी ती वस्तू मागण्यासाठी बोट दाखवणे आणि आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवण्यासाठी बोट दाखवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट दीड वर्षापर्यंत दिसत नसेल तर ती गंभीरपणे घ्यावी. अनेक स्वमग्न मुले बोट दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात धरून तो डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतात. वर्ष पूर्ण होताना हाकेला प्रतिसाद, बडबड आणि टाटा करण्यासारख्या खुणा. सोळा महिन्यांपर्यंत सुटे शब्द. दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणे ('पाणी दे', 'बाबा गेले'), हे टप्पे लक्षात ठेवावेत. नुसते ऐकलेले परत म्हणणे यात धरायचे नाही. 'तुला पाणी हवं?' असे मूल म्हणते तेव्हा त्याला 'मला पाणी हवं' असे म्हणायचे असते. जाहिराती जशाच्या तशा म्हणणारे मूल स्वतःची तहान सांगू शकत नाही, असेही दिसते. लुटुपुटीचा चहा पाजणे, बाहुलीला झोपवणे हे खेळ न येणे, गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच फिरवत बसणे, मिक्सर किंवा कुकरच्या शिट्टीला कान झाकून रडणे, ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही तोंडात न घेणे, हेही टिपून ठेवावे. यातले एकेक लक्षण कोणत्याही मुलात दिसू शकते. अनेक एकत्र आणि सातत्याने दिसली तर बघायचे. मुलींमध्ये हे अनेकदा निसटते, कारण काही मुली इतरांचे पाहून वागण्याची नक्कल चांगली करतात आणि 'लाजाळू आहे' म्हणून विषय संपतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायला हवी. आलेले शब्द, खुणा किंवा हातांचे कसब कोणत्याही वयात गेले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. त्यामागे फिट्सचा किंवा चेतासंस्थेचा आजार असू शकतो. मुलगी हात चोळल्यासारखी सतत हालचाल करत असेल आणि वस्तू धरणे विसरली असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पहिली तपासणी कानांची. 'बिस्किटाचा पुडा वाजला की पळत येतो, त्याला ऐकू येते' हे घरचे अनुमान पुरेसे नाही. काही स्वर ऐकू येतात आणि काही नाही, असे होऊ शकते. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकणे कमी-जास्त होत राहते. ओएई ही चाचणी काही मिनिटांची असते, पण ती आतल्या कानापुरतीच सांगते. तिथून पुढे मेंदूकडे जाणारा मार्ग पाहण्यासाठी बेरा ही चाचणी करतात, आणि त्यासाठी मूल झोपलेले लागते. ही चाचणी वाया जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मूल रिक्षात झोपते आणि केंद्रात पोचल्यावर टक्क जागे होते. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवावे, सकाळी लवकर उठवावे, वाटेत जागे ठेवायला कोणीतरी बरोबर असावे. झोपेचे औषध द्यायचे असेल तर ते केंद्रातच, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आणि त्यांनी सांगितले तितका वेळ उपाशी ठेवून. घरून पाजून नेऊ नये. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे, तशी अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही आहे.

कान तपासणीची तारीख मिळेपर्यंत पालकांना घरी करता येईल अशी एक प्रश्नावली आहे, एम-चॅट-आर. वीस प्रश्न, हो किंवा नाही अशी उत्तरे, वय १६ ते ३० महिने. चार वर्षांच्या मुलासाठी ती वापरून 'गुण कमी आले, सगळे ठीक आहे' असे समजणारे पालक बरेच दिसतात; तो निष्कर्ष चुकीचा. भरताना आणखी दोन चुका होतात. मुलाने एखादी गोष्ट एकदा-दोनदाच केली असेल, नेहमी करत नसेल, तर उत्तर 'नाही' असते. प्रेमळ पालक तिथे 'हो' लिहितात. आणि बहुतेक प्रश्नांत 'नाही' या उत्तराचा गुण धरतात, पण दुसरा, पाचवा आणि बारावा प्रश्न उलटे आहेत; तिथे 'हो' चा गुण. एकूण ० ते २ आले तर धोका कमी, तरी मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरावी. ३ ते ७ आले तर प्रशिक्षित व्यक्तीने त्याच प्रश्नांवर सविस्तर विचारपूस करायची असते. ८ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण तिला हलके लेखू नये: २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, विचारपूस झाल्यावरही धोका दिसलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना स्वमग्नता निघाली आणि सुमारे ९५ टक्के मुलांच्या विकासात काही ना काही अडचण किंवा काळजीचे कारण होते. म्हणजे 'उगीच घाबरलो' असे म्हणायची वेळ फार थोड्यांवर येते.

तज्ज्ञांसमोर मूल अर्धा-पाऊण तास असते. नवी जागा, भूक, झोप यामुळे ते घरच्यासारखे वागतच नाही. म्हणून मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ घेऊन जावेत: मूल खेळात असताना मागून नावाने हाक मारली तेव्हाचा, जेवतानाचा, दुसऱ्या मुलांबरोबरचा, काहीतरी हवे असतानाचा आणि ज्या वागण्याची काळजी वाटते त्याचा. मुलाला 'म्हण ना, दाखव ना' असे सांगून केलेला व्हिडिओ उपयोगाचा नसतो. एका कागदावर मान कधी धरली, कधी चालले, पहिला शब्द कोणता व कधी, आधी येत असलेले काय गेले, झोप किती, खाणे काय, घरात कोणाला फिट्स किंवा बोलण्याची अडचण, एवढे लिहावे. माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. वेळ शक्यतो मुलाच्या झोपेनंतरची मागावी.

जायचे कुठे, हा खेड्यातल्या पालकांचा खरा प्रश्न. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये देशात सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा यायची असतात, आणि विकासातील विलंब ओळखणे हे त्यांच्या कामातच आहे. पथक पुढच्या वेळी येईपर्यंत सहा महिने बसून राहू नये. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडून, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भ चिठ्ठी घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर हे नाव सांगितले तर काही वेळा कळत नाही, 'डीईआयसी' म्हटले की कळते. निदान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. पालकांशी सविस्तर बोलून, मुलाला खेळताना पाहून आणि प्रमाणित मापनश्रेणी वापरूनच ते होते. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तीत ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम आणि १५३ च्या वर तीव्र स्वमग्नता धरतात. स्वमग्नता दाखवणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. फिट्स, कौशल्ये गळणे किंवा चेतासंस्थेची इतर लक्षणे नसतील तर एमआरआय आणि ईईजी सरसकट करावे लागत नाहीत. जनुकीय तपासणी मात्र डॉक्टर सुचवू शकतात, आणि घरात पुढच्या बाळाचा विचार असेल तर तिचा उपयोग होतो. स्वमग्न मुलाच्या धाकट्या भावंडांपैकी साधारण पाचातल्या एकाला स्वमग्नता आढळते, म्हणून धाकट्याकडे पहिल्या वर्षापासूनच लक्ष असावे.

दहा मिनिटांत कोणी 'आहे' किंवा 'नाही' म्हटले तर दुसरे मत घ्यावे. 'थोडी लक्षणे आहेत' एवढ्यावर समाधान मानू नये. काय दिसले, कोणती चाचणी केली, गुण किती, आता काय करायचे आणि पुन्हा कधी यायचे, हे लेखी मागावे. लेखी अहवाल मागणे हा पालकांचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही.

निदानाची तारीख महिनोन् महिने मिळत नाही. म्हणून आमचा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा: मदत सुरू करायला निदानाच्या कागदाची गरज नाही. स्पीच थेरपी शंकेवरही सुरू करता येते, आणि घरी तर आजच. दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे, टीव्ही बंद, एकच मोठे माणूस. मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर जमिनीवर बसायचे. ते चाक फिरवत असेल तर आपणही दुसरे चाक फिरवायचे. 'असं नको, तसं खेळ' म्हणायचे नाही. 'हे काय? हा रंग कोणता?' अशी प्रश्नांची सरबत्ती थांबवून मूल जे करते आहे त्याला एक-दोन शब्द द्यायचे: 'फिरलं', 'पडलं', 'अजून'. मग थांबायचे. मनात दहा आकडे मोजायचे. बहुतेक मोठी माणसे तिसऱ्या आकड्यालाच पुढचा शब्द बोलून टाकतात आणि मुलाची पाळी जाते. आवडीचा खाऊ पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत दिसेल असा ठेवला की मागण्याचे निमित्त तयार होते. मुलाने बरणी हातात दिली, नुसते बघितले, आवाज काढला, तरी ते मागणेच आहे, लगेच द्यावे. 'बोल, मग देईन' अशी अडवणूक केली की मूल मागणेच सोडते. ओळखीचे बडबडगीत म्हणता म्हणता शेवटच्या शब्दाआधी थांबावे. आंघोळ, जेवण, बाहेर जाणे यांची चित्रे क्रमाने भिंतीवर लावली तर पुढे काय हे मुलाला कळते आणि आकांत कमी होतो. चित्रांनी बोलणे मागे पडते ही भीती निराधार आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे चित्रांतून संवाद साधण्याचे मोफत ॲप मराठीतही आहे.

हे घरगुती प्रयत्न म्हणजे वेळ काढणे नव्हे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षण दिलेल्या पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना अशाच पद्धती शिकवल्या. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. आपल्या जिल्ह्यांत तज्ज्ञ कमी आहेत हे रडगाणे गाताना हा पुरावा विसरला जातो.

थेरपिस्ट निवडताना स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद राज्याच्या परिषदेकडे असते. पुढच्या तीन महिन्यांची दोन-तीन ठोस उद्दिष्टे लिहून घ्यावीत. 'संवाद सुधारणे' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'दिवसातून पाच वेळा स्वतःहून खुणेने मागणे' हे येते. पालकांना कायम दाराबाहेर बसवणारे, मुलाला मारणारे किंवा धरून दाबून बसवणारे, वर्षाचे पैसे आगाऊ मागणारे केंद्र सोडावे.

'पूर्ण बरे करू' म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वमग्नता हा मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांसाठी मान्य आजार नाही. असा प्रयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीत होऊ शकतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्यांकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. शरीरातील धातू काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी किलेशनची औषधे रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरवू शकतात. गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते याला भक्कम पुरावा नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातले दोन काढून घेतले की वजन घटते. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, आणि साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या डॅनिश अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. धाकट्याची गोवराची लस या भीतीने चुकवू नये.

आता नातेवाइकांसाठी. आईला दोष देणे आधी थांबवा. नोकरी, गरोदरपणातले जागरण, मुलाला पाळणाघरात ठेवणे, यांपैकी कशानेही स्वमग्नता होत नाही. सूनबाईने शंका बोलून दाखवली तर 'तुला काय दिसलं, सांग' एवढे विचारून ऐकून घ्या. तपासणीच्या दिवशी मोठ्या भावंडाला सांभाळा, रजा मिळत नसेल तर बरोबर जा, डॉक्टर सांगतात ते वहीत लिहून घ्या. धक्क्यात असलेल्या पालकांच्या लक्षात त्यातले फार थोडे राहते. वडिलांनी निदानाच्या बैठकीला स्वतः हजर राहावे, नाहीतर घरी आल्यावर आईलाच सगळ्यांना पटवत बसावे लागते. नवस बोलायचा असेल तर बोला, पण तारीख चुकवू नका.

निदान झाल्यावरची कागदपत्रे थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) मिळते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाचाही काही भाग त्यात बसतो. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसतो म्हणून अनेक जण टाळतात. ते शाळेला दाखवायचे की नाही, हे पालकांच्याच हातात राहते.

शासनाकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि पहिल्या तपासणीसाठी लागणारे दिवस दरमहा जाहीर करावेत. स्पीच थेरपिस्टचे पद रिकामे असेल तर केंद्राची पाटी असून उपयोग नाही. अंगणवाडी ताईंच्या मासिक बैठकीत हाकेला वळणे, दाखवण्यासाठी बोट करणे आणि लुटुपुटीचा खेळ, या तीन गोष्टी पाहायला शिकवावे आणि त्यांनी पाठवलेल्या मुलाची नोंद परत त्यांच्याकडे यावी.

आपल्याकडेही एक विनंती. 'ऑटिझमवर हमखास इलाज' अशा जाहिराती आपल्या दैनिकाने घेऊ नयेत, आणि जिल्हा आवृत्त्यांत त्या त्या जिल्ह्यातील केंद्राचा पत्ता, दूरध्वनी व तपासणीचे वार महिन्यातून एकदा छापावेत.

आपले,
स्वमग्न मुले व त्यांच्या पालकांबरोबर काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे